फाटकावरची फुली

छातीचं इस्पितळ, डोंगर
१२ ऑगस्ट २००४

प्रिय यागोदा,

उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. इथला टपालवाला चढ चढून आला की आधी स्वयंपाकघरात बसून राकिया घेतो. मग कोणाचं पत्र कोणाला द्यायचं हे त्याला समजेनासं होतं. तुझं मागचं पत्र मला आठ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांनी आणून दिलं. वाचूनच आणलं होतं. म्हणाले, "तुझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणे. कोबीचं पान बांधायला सांग."

आता कामाचं. बोझाकाकांनी आपल्या चित्रकथा क्लबाचं पत्रक पाठवलंय. ऑक्टोबरात स्मेदेरेवोत चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा काढायची स्पर्धा आहे. एका दुपारी बाराला सुरुवात, दुसऱ्या दुपारी बाराला घंटा. गोष्ट आधी ठरवायची नाही. विषय त्याच दिवशी टोपीतून निघणार. जोडीनं उतरता येतं. मी काकांना विचारलं, जोडीतला एक जण डोंगरावर खोकत पडला असेल तर? त्यांचं उत्तर आलं, "प्रत्येक पानामागे साक्षीदाराची सही हवी आणि घंटेनंतर कागदाला शाईचा थेंब लागता कामा नये. मग तू चंद्रावर बसून काढ."

तर विषम पानं तू काढायचीस, सम मी. तुझ्या पानांत काय चाललंय ते मला दिसणार नाही आणि माझं तुला. गोष्ट लंगडेल, लंगडू दे. एक मात्र वाईट वाटतं. पूर्वी मी रेघा ओढायचो, जिथे काळं हवं तिथे बारीकशी फुली मारायचो आणि पान तुझ्याकडे सरकवायचो. त्या घोडेस्वाराच्या घोड्याच्या पार्श्वभागावरची फुली भरायला तू विसरलीस आणि ते तसंच छापून आलं, आठवतं? महिनाभर वाचक विचारत होते, हे कुठल्या फौजेचं चिन्ह? आता माझं काळं मलाच भरावं लागणार.

जिंकलेली कथा पुस्तक होऊन किऑस्कवर येणार आहे. यागोदा, मला तेवढंच हवंय. मी इथे आल्यापासून गल्लीतले लोक आईला बघून पलीकडून जातात, हे तू लिहीत नाहीस तरी मला माहीत आहे. तिनं किऑस्कवर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं, "माझ्या पोराचं पुस्तक द्या." हो म्हण.

तुझा,
विदोयेदादा

*

स्मेदेरेवो
१९ ऑगस्ट

दादा,

हो. हजारदा हो.

छापखान्यात सध्या काम फार. म्हणजे लोक फार मरताहेत. काळ्या चौकटीत फोटो, खाली नातलगांची नावं, अशा मयताच्या चिठ्ठ्या दिवसभर छापते आणि संध्याकाळी खांबाखांबावर त्याच बघत घरी येते. परवा कोपऱ्यावरचा स्तोयान गेला. त्याच्या फाटकावर काळं कापड लागलंय. पत्राखाली नेहमीसारखं गल्लीचं चित्र काढलंय, त्यात ते आहे बघ.

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "चोवीस तास चौकोन काढत बसणार? त्यापेक्षा चोवीस तास झोपला असता तर छाती भरून आली असती. मुलं लोकांचीही आहेत. कोणी वेल्डर आहे, कोणी दातांचा डॉक्टर. माझा चौकोन काढतो." मी म्हटलं, मावशी, पुस्तक येणार आहे किऑस्कवर. शेंगा संपल्या तरी हात सोलतच होते. दुसऱ्या दिवशी ब्रेड आणायला गेली ती किऑस्कवाल्या बाईला विचारून आली, "माझ्या पोराचं पुस्तक कधीपर्यंत येईल?" बाई म्हणाली, "कुठलं पुस्तक?" मावशी म्हणाली, "येईल तेव्हा कळेलच तुला."

तू विषय काढलास म्हणून सांगते, समोरची मिलेवा कॉफीला येत नाही हल्ली. मावशी म्हणते, "बरंच आहे, तिला तीन चमचे साखर लागायची."

पेन्सिलीची टोकं करून ठेव.

तुझी यागोदा

विदा, मोजे घाल. खोकला आला की कागद बाजूला धर, डाग पडतील. आई

*

स्मेदेरेवो
९ सप्टेंबर

दादा,

तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. रागावू नकोस. छापखान्यात मशीन बिघडलं होतं, मग मला ताप होता, मग काहीतरी होतं.

इथे सगळं नेहमीसारखं आहे. मिरच्यांचा हंगाम सुरू झाला. गल्लीभर धूर. मावशीच्या उजव्या हाताला मिरच्या भाजताना चटका बसला, पट्टी बांधलीय, म्हणून या वेळी तिची ओळ नाही. तसं काळजीचं कारण नाही.

स्पर्धेसाठी कागद आणून ठेवलाय. तुझाही राडेच्या बसनं पाठवते.

खाली गल्ली काढलीय. मिलेवाकडे बांधकामाची वाळू आली, त्याचा ट्रक तुमच्या दारासमोर आडवा उभा आहे, त्यामुळे घर नीट दिसत नाही.

यागोदा

*

डोंगर
१५ सप्टेंबर

प्रिय यागोदा,

कागद मिळाला. झकास आहे, शाई पसरत नाही.

तारीख ठरली. २१ ऑक्टोबरला उजव्या फुप्फुसाचा खालचा तुकडा काढणार. डॉक्टरांना विचारलं, वाचेन का? म्हणाले, "बरेच जण स्वतःच्या पायांनी खाली उतरतात." बाकीचे कसे उतरतात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आईला तारीख सांगू नकोस.

तिचा हात कसा आहे? उजव्याला पट्टी असली तर डाव्यानं लिहायला सांग. अक्षर वाईट आलं तरी चालेल. तेही नको असेल तर नुसती एक फुली मारू दे पत्राच्या खाली. तिची फुली मी ओळखीन.

आणि ऐवार पाठव. इथल्या सूपला सूप म्हणायचं म्हणजे दुन्याव नदीचा अपमान आहे. आईच्या हातची मिरच्यांची एक बरणी आली तर ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा मी हसत जाईन.

तुझा,
विदोये

*

स्मेदेरेवो
२४ सप्टेंबर

दादा,

बरणी राडेकडे दिलीय. जपून उघड, तेल वर आलंय.

मावशी झोपली आहे, म्हणून फुली राहिली. पुढच्या वेळी.

दादा, मी फार विचार केला. आपण हे सोडून देऊ. तुझं ऑपरेशन तोंडावर आहे, चोवीस तास जागरण करायचं म्हणजे जीवाशी खेळ. मलाही जमेल असं वाटत नाही. परवा एक साधी चौकट ओढायला बसले तर रेघ तीनदा वाकडी गेली. बोझाकाकांना मी सांगते, ते समजून घेतील. पुस्तकाचं काय, पुढच्या वर्षी येईल.

मला हो म्हण. एवढं एकदा माझं ऐक.

यागोदा

*

डोंगर
३० सप्टेंबर

यागोदा,

नाही म्हणजे नाही!

जीवाशी खेळ म्हणे. माझ्या जीवाशी इथे सकाळ-संध्याकाळ सगळेच खेळताहेत, एक दिवस मी खेळलो तर काय बिघडलं? पुढच्या वर्षीचं मला सांगू नकोस. आठ नंबरचे आजोबा पुढच्या वर्षी नातवाच्या लग्नात कोलो नाचणार होते. आता त्या खाटेवर दुसरा माणूस आहे, आणि त्याला पत्रं वाचायची सवय नाही. मला करमत नाही.

तुझी रेघ वाकडी जाते तर जाऊ दे. माझीही जाते. दोघांच्या वाकड्या असल्या तर लोक त्याला शैली म्हणतील.

हात जोडून सांगतो, मला एकट्याला सोडू नकोस. मला इथून कुठेही जाता येत नाही. कुठेही, यागोदा. पानावर तरी जाऊ दे. तू विषम पानं काढली नाहीस तर माझी सम पानं हवेत लटकतील. नंतर मला वाटेल तेवढ्या शिव्या दे.

ऐवार पोचलं. बरणी पुसून खाल्लं. आईला काही सांगू नकोस.

विदोये

*

स्मेदेरेवो
११ ऑक्टोबर

दादा,

बसते. शनिवारी बाराला क्लबात खिडकीजवळचं टेबल माझं. बोझाकाका तुझ्या डॉक्टरांच्या खोलीत फोन करून विषय सांगतील. रविवारी तुझी पानं राडे घेऊन येईल.

मोजे घाल.

यागोदा

*

डोंगर
१७ ऑक्टोबर

यागोदा,

हे पानांसोबत राडेच्या हाती देतोय. पानं आधी बघ, पत्र मागून वाच, असं लिहिणार होतो. पण तू उलटंच करणार.

काल बाराला फोन वाजला. इथला फोन फक्त वाईट बातमीसाठी वाजतो, त्यामुळे अख्खा वॉर्ड चिडीचूप झाला. कोणीतरी छातीवर क्रूस काढला. स्तामेना सिस्टरनं उचलला आणि तिथूनच ओरडली, "विदोये, घरी परतणं!" सगळे उठून बसले. कोण परततंय, कोणाला सोडलं? मग तिनं सांगितलं की विषय आहे तो. तेव्हा जो हशा पिकला तो खोकल्यातच संपला.

धुण्याच्या खोलीत टेबल मिळालं. साक्षीला सिस्टर. प्रत्येक पानामागे सही करताना विचारायची, "हा माणूस अजून चालतोच आहे? बस का पकडत नाही?" मी म्हटलं, विषम पानांवर त्यानं पकडलीही असेल, मला काय ठाऊक. सोळाव्या पानावर खाली डाग आहे, तो शाईचा नाही. सिस्टर म्हणाली, "झालं, आता खाटेवर." मी तिचा हात धरला. मी याआधी कोणाचा असा हात धरला नव्हता. ती बसून राहिली.

रात्र, झाडं, त्याचे बूट, सगळं काळं मी माझं मीच भरलं. चोविसाव्या पानावर मात्र एक फुली राहिली आहे. वेळ संपला म्हणून राहिली असं समजू नकोस. वेळ होता. कुंचला शाईत बुडवलेला होता. हात फाटकापर्यंत गेला आणि पुढे गेलाच नाही.

त्या ट्रकनं सांगितलं मला. तू गल्ली काढतेस तेव्हा मिलेवाच्या मांजराचं तुटकं शेपूटही सोडत नाहीस. स्तोयानच्या फाटकावरचं कापड चित्रात काढलंस आणि आमच्या फाटकासमोर ट्रक उभा केलास. तुला तोंडानं खोटं बोलता येतं, पेन्सिलीनं येत नाही. तरी मी स्वतःला समजावलं की ट्रक खरंच असेल. मग बरणी आली. ऐवारात बिया होत्या. एक बी सापडली तर आई सगळी कढई पुन्हा चाळायची. जेवण झालं, सिस्टर थाळी घेऊन गेली, आणि मी ती बी जिभेवर धरून बसलो होतो.

विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. म्हणून विचारलं नाही. तू मला जपत होतीस, तर म्हटलं जपू दे, तेवढंच तुझ्या हातात आहे.

मला तिला खांदा देता आला नाही. म्हणून ही बारा पानं चालत आलो. फाटकाशी पोचलो. त्यावर कापड काढलं, त्यात फुली मारली. ते काळं तू भर. नेहमी तूच भरायचीस.

गुरुवारी मला टेबलावर घेणार आहेत. त्याआधी सांग, ती कशी गेली. आता काही आडवं लावू नकोस.

विदोये

*

स्मेदेरेवो
१८ ऑक्टोबर, सोमवार

दादा, माझ्या दादा,

राडेला बस सुरू करू नकोस म्हणून सांगितलंय, तो शिट्ट्या मारतोय, तरी सगळं लिहिते.

२६ ऑगस्टला मावशी बाजारातून मिरच्यांचं पोतं घेऊन आली. किती सांगितलं, मी आणते म्हणून. पायरीवर बसली आणि म्हणाली, "जरा दम खाते." ती उठली नाही. आत नेलं, डॉक्टर आले, म्हणाले हृदय. दोन दिवस होती. शुद्धीत होती. मला म्हणाली, "त्याचे चौकोन पुरे होऊ दे, मग सांग. आधी रडला तर रेघ हलेल." तुझे डॉक्टरही फोनवर तेच म्हणाले, ऑपरेशनच्या आधी नको. मी एकटीनं काय करायचं होतं? मला रोज वाटायचं की मी पाप करतेय. पत्र लिहायला बसले की दोन-तीन कागद फाडायचे. म्हणून सोडून दे म्हटलं. तुला वाटलं असेल मी घाबरले. घाबरलेच होते. विषय "घरी परतणं" निघाला तेव्हा मला क्लबातून पळून जावंसं वाटलं. तेविसाव्या पानावर मी त्या माणसाला गल्लीच्या कोपऱ्यावर थांबवलं आणि पुढचं तुझ्यावर टाकलं. मला ते फाटक काढवेना.

मिलेवा आली होती. हाक न मारता आली. तिनंच मावशीला आंघोळ घातली, केस विंचरले, आणि सगळा वेळ तिला शिव्या देत होती, "मला न सांगता जातेस, सटवे?" सगळी गल्ली आली दादा. पलीकडून जाणारे सगळे आले. तुझ्या जागी बोझाकाकांनी खांदा दिला. तिच्या नावाचे गहू मी शिजवले, चाळीसाव्या दिवशीही मीच. मिरच्यांचं ते पोतं तसंच होतं, ते वाया घालवलं असतं तर ती वरून ओरडली असती. म्हणून ऐवार केलं. बिया राहिल्या कारण डोळ्यांनी दिसत नव्हतं.

चिठ्ठी मीच छापली. चौकट मी ओढली, "मुलगा विदोये" सगळ्यांत वर. जन्मभर तिनं आपल्या चौकोनांची टिंगल केली आणि शेवटी मी तिला चौकोनातच बसवलं. मशीनपाशी मला हसू आलं. मालकाला वाटलं मला वेड लागलं.

आता फुलीचं. आज सकाळी परीक्षक बसले. पानं भिंतीवर एकाआड एक लावली, माझं, तुझं, माझं. गोष्ट लंगडत नव्हती दादा. तुझा माणूस दुसऱ्या पानावर बूट बांधतो आणि माझा तिसऱ्यावर चालायला लागतो. चोविसाव्यापाशी बेलग्रेडहून आलेला एक तरुण परीक्षक म्हणाला, "ही फुली बघा! कापड पांढरं ठेवून मृत्यूची केवढी मोठी जागा रिकामी सोडली आहे. ही अनुपस्थिती आहे." मी म्हटलं, "ती अनुपस्थिती नाही. ते माझं राहिलेलं काम आहे."

काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यागोदा, पहिला नंबर तुमचाच आहे. शाई लावलीस तर बाद होशील. मला बाद करावं लागेल." मी त्यांच्याकडे बघितलं. आपल्या पुस्तकाचा विचार केला, किऑस्कचा केला. मग विचार आला की ते कोणी मागायचं होतं? मागणारी आता कुठे आहे?

भरलं दादा. जाड कुंचल्यानं, कडेपासून आत, तू शिकवलंस तसं. फुली दिसेनाशी झाली तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं रडले की खाली रस्त्यावर लोक थांबले. काकांनी टोपी काढली आणि नंतर यादीतून आपल्या दोघांची नावं.

दुपारी मालकाला न विचारता छापखान्यात ते पान छापलं आणि किऑस्कशेजारच्या खांबावर मावशीच्या चिठ्ठीला लागून लावलं. किऑस्कवाली बाई बाहेर येऊन बघत उभी राहिली. म्हणाली, "हेच का ते पोराचं?" मी म्हटलं, हेच.

राडे खरंच निघाला. गुरुवारी मी चर्चमध्ये बसेन, संध्याकाळपर्यंत उठणार नाही. परत ये. तुझ्याशिवाय मला आता त्या गल्लीत कोणी नाही.

यागोदा

*

डोंगर
९ नोव्हेंबर

यागोदा,

सिस्टर लिहितेय, मी सांगतोय. बोलताना टाके ओढतात म्हणून थोडंच.

आहे. कसा आहे ते विचारू नकोस, पण आहे. तुझं पत्र बुधवारी मिळालं होतं. तेच घेऊन आत गेलो, टेबलापाशी काढून घेतलं.

बाद झालो ते बरं झालं. पांढऱ्या कापडावर बक्षीस घेतलं असतं तर आईनं मला उंबरा ओलांडू दिला नसता.

दोन कामं सांगतो. फाटकावरचं कापड वाऱ्यानं फाटायला आलं असेल. तसंच राहू दे, मिलेवाला, पाद्र्याला, कोणालाही उतरवू देऊ नकोस. फाटलं तर टाका घाल. वसंतात मी येईन आणि माझ्या हातानं उतरवीन. आलो नाही तर मग राहू दे तिथेच.

आणि पुढच्या पत्राखाली गल्ली काढ. आमचं फाटक काढ, त्यावरचं कापड काढ, पायरी काढ. समोर काही उभं करू नकोस.

विदोये

ता. क. मी मोजे घालायला लावते. काळजी करू नका. स्तामेना